कन्व्हर्टर आत गेला म्हणजे बसला असं नाही

मागच्या रविवारी माझी भाची सोलापूरच्या होटगी रोडवरून सायकल मारत घरी आली ती थेट मोरीकडेच गेली. एका हाताची तीन बोटं निळी, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेलं पेन. "मामा, नवं पेन गळायलंय की, निबच खराब दिलीय त्यांनी." पेन ऑनलाइन मागवलेलं, चायनीज, आणि सोबत आलेला कन्व्हर्टर, म्हणजे आतली शाईची छोटी टाकी, हरवला म्हणून तिने पाच कन्व्हर्टरचं एक पाकीट वेगळं मागवलेलं. पेन उघडलं तर मागच्या नळीत शाईचं तळं साचलेलं. निबला काहीच झालं नव्हतं.

शाईपेन परत हातात घेणारी पोरं हल्ली बरीच दिसतात, मोठी माणसंही घेतात, आणि लोकांनी मला आणून दाखवलेली बहुतेक "गळकी" पेनं मुळात चांगलीच होती, फक्त त्यात चुकीचा कन्व्हर्टर घातलेला होता. वाईट याचं वाटतं की माणूस दोनदा शर्ट खराब करून घेतो आणि मग शाईपेनाचा नादच सोडतो, कारण काय झालं हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

कन्व्हर्टर ही काय भानगड आहे

आमच्या लहानपणी पेन उघडायचं, ड्रॉपरने नळीत शाई सोडायची आणि आटे घट्ट फिरवायचे, संपला विषय. पेनाची नळी हीच शाईची टाकी. नंतर कार्ट्रिज आलं, म्हणजे शाई भरलेली बंद प्लॅस्टिकची कांडी, पेनात खोचायची आणि संपली की फेकायची. ते सोयीचं आहे पण महाग पडतं. छोट्या कार्ट्रिजमध्ये साधारण ०.८ मिली शाई असते, म्हणजे ६० मिलीची कॅमलची एक बाटली ही झाली अशी ७५ कार्ट्रिज.

मग कार्ट्रिजच्याच जागी बसेल अशी एक छोटी टाकी निघाली जी परत परत बाटलीतून भरता येते. आत इंजेक्शनसारखा दट्ट्या असतो, मागची घुंडी फिरवली किंवा काही प्रकारांत नुसती मागे ओढली की शाई वर येते. कार्ट्रिजच्या पेनाचं बाटलीच्या पेनात रूपांतर करणारा म्हणून कन्व्हर्टर.

अजून दोनच शब्द लागतील. निबच्या खाली जी खाचांची काळी पट्टी असते ती फीड, आपल्याकडे जुनी माणसं तिला जीभ म्हणतात. आणि बोटांनी धरायचा पुढचा भाग, ज्याला सेक्शन म्हणतात, तो मागून उघडून आत बघितलं तर मधोमध एक बारीक नळी वर आलेली दिसते. तिला मी चोच म्हणतो. कन्व्हर्टरचं तोंड या चोचीवर चढतं. सगळं भांडण या दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत आहे.

पाण्याचा जार आठवा

वीस लिटरचा जार डिस्पेन्सरवर उलटा ठेवतो आपण. तोंड खाली असूनही सगळं पाणी भदाभदा येत नाही. ग्लास भरला की आतून गडगड आवाज येतो, एक बुडबुडा वर जातो, तेवढंच पाणी खाली आलेलं असतं. हवा आत गेल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. आता त्याच जारच्या बुडाला, म्हणजे वरच्या बाजूला, खिळ्याने भोक पाडा. हवेला दुसरी वाट मिळाली, पाणी थांबणारच नाही.

पेनाचं अगदी हेच आहे. समईतली वात जसं तेल वर ओढते तसं फीडमधली बारीक चीर शाई निबपर्यंत नेते, आणि जेवढी शाई कागदावर गेली तेवढी हवा फीडच्याच वाटेने आत येते. हवेची वाट ही एकच असली पाहिजे. कन्व्हर्टरचं तोंड चोचीवर सैल असलं की तिथून हवा आत शिरते आणि शाई धरून ठेवणारं कुणी उरत नाही, मग निबवरून थेंब पडतात, शिवाय सांध्यातून पाझरलेली शाई मागच्या नळीत जमा होते ती वेगळीच.

भरतानाही तेच. निब बाटलीत बुडवून तुम्ही घुंडी फिरवताय, पण सांधा सैल असेल तर दट्ट्या शाईऐवजी सांध्यातून हवाच ओढतो. दहा वेळा फिरवा, टाकी अर्धीच भरणार. फक्त एक बघा, निब पूर्ण बुडलीय का. नुसतं टोक बुडवलं तरीही हवाच येते, आणि तेव्हा कन्व्हर्टरला दोष देऊन उपयोग नाही.

"इंटरनॅशनल" लिहिलंय, मग सगळ्यांना का चालत नाही

माझे वडील यंत्रमागावर होते. चादरीच्या मागाचा धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा, आणि त्यात बसणारी सुताची कांडी, एका मापाची कांडी दुसऱ्या धोट्यात कधी सैल बसायची तर कधी अडकायची, आणि सैल बसली की सूत तुटायचं. सोलापूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पेनांमध्येही प्रत्येक कंपनीने आपला धोटा वेगळा ठेवलाय.

"स्टँडर्ड इंटरनॅशनल" हे एका मापाचं नाव आहे, सगळ्यांना चालतं असा त्याचा अर्थ नाही. युरोपातल्या बऱ्याच कंपन्या ते वापरतात, आपल्याकडे हाताने घडवलेली बरीच पेनंही हल्ली त्याच मापाची असतात, आणि जर्मनीच्या श्मिटचा के५ हा या मापाचा नेहमीचा कन्व्हर्टर. पण पार्करची चोच वेगळी. लॅमीची वेगळी. जपानच्या पायलट, प्लॅटिनम, सेलर या तिघांची तीन मापं, एकमेकांना चालत नाहीत. प्लॅटिनमच्या पेनात इंटरनॅशनल कार्ट्रिज घालायला मधला जोड मिळतो, पण जोड लागतो म्हणजेच थेट बसत नाही.

एकाच कंपनीत तरी एकच माप असेल ना? तेही नाही. लॅमीच्या सफारीला झेड२८ लागतो, त्याच्या दोन्ही बाजूंना दाण्याएवढी टोकं असतात आणि ती सेक्शनच्या खाचांत बसवावी लागतात. लॅमीच्याच दुसऱ्या काही पेनांना झेड२७ लागतो, त्याला ही टोकं नाहीत. टोकं खाचेसमोर न आणता दाबलं तर कन्व्हर्टर अर्ध्यावर थांबतो आणि माणूस म्हणतो माप चुकलं. पायलटचं मेट्रोपॉलिटन घ्या, अमेरिकेत ते पायलटच्या स्वतःच्या मापाचं मिळतं आणि युरोपात तेच पेन एमआर नावाने इंटरनॅशनल मापात मिळतं, दिसायला सारखंच. परदेशातून कुणी पेन आणून दिलं असेल तर हे आधी बघा.

चायनीज पेनांची तर अजून वेगळी गंमत, तिथे दोन मापं जोरात चालतात, तोंडाचा आतला व्यास २.६ मिमी आणि ३.४ मिमी. पहिलं इंटरनॅशनलला जुळतं. बाहेरून दोन्ही कन्व्हर्टर जुळ्या भावांसारखे, पाकिटावर कधी माप लिहिलेलं असतं कधी नसतं. आणि भाचीच्या पेनात हेच झालं होतं, चोच २.६ची आणि पाकीट ३.४चं.

ती म्हणाली, "पण मामा, तो बसला होता की, ओढला तरी पटकन निघत नव्हता." तिचं खरं होतं. मी सेक्शन धुऊन मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला आणि कन्व्हर्टर हळू आत सरकवला, तेव्हा दिसलं की त्याचं अंग सेक्शनच्या भिंतीला घासून अडकतंय. चोचीच्या भोवती मात्र तोंड लोंबतंय, मधे चक्क उजेड दिसत होता, नखाच्या जाडीएवढी फट. भिंतीने धरला होता, चोचीने नाही. हाताला घट्ट लागतं म्हणजे हवाबंद झालं असं नसतं, आणि बहुतेक जण इथेच फसतात.

नेमकं कसं बसत नाहीये ते आधी ओळखा

आतच जात नसेल, तर दाबू नका, आधी आत बघा. पुष्कळदा चोचीभोवती वाळलेल्या शाईचं कडं झालेलं असतं, किंवा आधीच्या कार्ट्रिजच्या तोंडाचा तुकडा तुटून चोचीवर टोपीसारखा बसलेला असतो. सेक्शन कोमट पाण्यात रात्रभर ठेवा, गरम पाण्यात नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, वाळल्यावर पांढरा थर सोडतं, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या. एवढं करूनही तोंड चोचीवर टेकतच नसेल तर माप चुकलंय, बदला.

आत जातो पण अगदी अलगद, कसलाच विरोध नाही, तर एक म्हणजे भाचीसारखं चुकीचं माप, दुसरं म्हणजे तोंड सैल झालंय. कन्व्हर्टरचं तोंड प्लॅस्टिकचं असतं, आज या पेनात उद्या त्या पेनात असं काढ-घाल केलं की ते फाकतं. तेच एखाद्या जाड चोचीवर एकदा जबरदस्तीने चढवलं की परत आपल्या मूळ चोचीवर घट्ट बसत नाही. एका पेनाला एक कन्व्हर्टर ठेवायचा आणि धुवायचं असेल तर जमेल तेवढं आतल्या आत धुवायचं, हे मी स्वतः काटेकोर पाळतो.

पुढून नीट बसला पण मागची नळी लागत नाही, आटे दोन फेरे आधीच थांबतात, तर कन्व्हर्टर लांब किंवा जाड आहे. कावेकोच्या स्पोर्टसारख्या खिशातल्या आखूड पेनात पूर्ण लांबीचा इंटरनॅशनल कन्व्हर्टर मावत नाही, तोंडाचं माप बरोबर असूनसुद्धा, त्याला वेगळा आखूड मिळतो. पायलटचा कॉन-७० हा मोठा, एक मिलीपेक्षा जास्त शाई घेणारा कन्व्हर्टर मेट्रोपॉलिटनमध्ये मावत नाही, तिथे ०.४ मिलीचा छोटा कॉन-४० घालावा लागतो. इथे नळी जोराने आवळलीत तर ती कन्व्हर्टरची घुंडी दाबत-फिरवत जाते आणि शाई पुढून बाहेर येते, किंवा चोचच चिरते.

आणि शाई दट्ट्याच्या मागे दिसत असेल, म्हणजे घुंडीच्या बाजूला, तर सांध्याचा काही संबंध नाही, दट्ट्याचं सील गेलंय. कन्व्हर्टर उघडणारा असेल तर दट्ट्याला सिलिकॉन ग्रीसचा अगदी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका लावला की बहुतेक वेळा भागतं.

शाईने नाही, पाण्याने तपासा

कुठून गळतंय हे शाई भरून शोधू नका. पेन धुवा, साधं पाणी भरा, बाहेरून पूर्ण कोरडं पुसा आणि कन्व्हर्टर जिथे सेक्शनमध्ये शिरतो तिथे टिश्यूची बारीक पट्टी गुंडाळा. दुसरी पट्टी सेक्शनच्या पुढच्या बाजूला, निब जिथून बाहेर येते तिथे. मागची नळी न लावता पेन निब खाली करून एका ग्लासात रात्रभर उभं ठेवा. सकाळी मागची पट्टी ओली असेल तर सांधा सैल. पुढचीच ओली असेल तर निब-फीड नीट बसलेलं नाही किंवा सेक्शनला केसाएवढी चीर गेलीय, मग कन्व्हर्टर कितीही बदला, फरक पडणार नाही. दोन्ही कोरड्या असतील तर पेन ठीक आहे, गळतीचं कारण दुसरं शोधा.

भाचीच्या पेनाची मागची पट्टी रात्रभर थांबलीच नाही, तासाभरात ओली झाली.

"थोडा जोर लावला की बसतोच की"

हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. बसतो खरा, पण बरोबर मापाचा कन्व्हर्टर असेल तर त्याला थोडाच जोर लागतो, सरळ रेषेत, आणि शेवटी बोटाला एक हलका "टक" जाणवतो. त्यापेक्षा जास्त जोर लागत असेल तर तुम्ही तोंड फाकवताय. कन्व्हर्टर फाकला तर नवा मिळतो. चोच चिरली तर सेक्शनच गेला, आणि बऱ्याच स्वस्त पेनांचा सेक्शन सुटा मिळत नाही.

"फेविक्विक किंवा टेप लावून काम होत नाही का"

फेविक्विक अजिबात नको. ते चोचीवरून ओघळून फीडच्या चिरेत गेलं की शाईची वाट कायमची बंद, शिवाय कन्व्हर्टर परत काढताच येत नाही. नळाला लावतो ती पांढरी टेफ्लॉन टेप चोचीवर एक वेढा गुंडाळून काही दिवस चालतं, मी एकदा परीक्षेच्या दिवसांत एका मुलाला करून दिलं होतं, पण तिचे धागे सुटून शाईच्या वाटेत जातात, म्हणून ती वेळ मारून नेण्यापुरतीच. ग्रीससुद्धा तोंडाच्या आत नको, फीडला तेलकटपणा लागला की शाई धरतच नाही.

"मग कन्व्हर्टरच नको, ड्रॉपरने भरू"

हा पर्याय चांगला आहे, पण सगळ्या पेनांना चालत नाही. नळी पूर्ण प्लॅस्टिकची किंवा एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, हवी, तिला कुठे भोक नको, आणि आतून धातू नको, शाईने तो गंजतो. आट्यांवर एक रबरी ओ-रिंग आणि थोडं सिलिकॉन ग्रीस लावून प्लॅटिनम प्रेपीसारखी साधी पेनं अशी छान चालतात.

फक्त आपल्या उन्हाचा विचार करा. सकाळी २५ अंशावर घरून निघालेलं पेन एप्रिलच्या दुपारी पार्क चौकात ४२ अंशात पोचतं तेव्हा आतली हवा साधारण सहा टक्क्यांनी फुगते. अर्ध्या रिकाम्या कन्व्हर्टरमध्ये हवा असते ०.३५ मिलीच्या आसपास, ती फुगून बाहेर ढकलते ती शाई अर्धा थेंबही नाही, फीडच्या खाचा तेवढी धरून ठेवतात. पण ड्रॉपरने भरलेल्या नळीत दीड मिली हवा असेल तर पावणेदोन-दोन थेंब शाई ढकलली जाते, ती टोपणात नाहीतर कागदावर. म्हणून ड्रॉपरवालं पेन उन्हाळ्यात भरलेलं ठेवा, अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, आणि गाडीच्या डिकीत कुठलंच पेन ठेवू नका. याच कारणाने सोलापुरात रोज वापरायला मी कन्व्हर्टरच सांगतो.

"सगळं फिट आहे, तरी अर्ध्या पानानंतर लिहायचं थांबतं"

हे बसण्याचं दुखणं नाही, पण लोक यासाठीही कन्व्हर्टर बदलत बसतात. पेन थांबल्यावर मागची नळी काढून बघा. शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून बसलीय आणि चोचीजवळ नुसती हवा, असं दिसेल. कन्व्हर्टरची नळी बारीक असली की शाई आपल्याच ताणाने भिंतीला धरून राहते. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून कन्व्हर्टर आतून धुवा, मग साध्या पाण्याने चार-पाच वेळा खळखळून घ्या. काही कन्व्हर्टरमध्ये यासाठीच बारीक गोळी किंवा स्प्रिंग असते, ती शाई हलवत राहते. ती खुळखुळली म्हणून पेन तुटलं असं समजू नका.

दुकानात जाताना

पेनाचं नाव सांगून कन्व्हर्टर मागू नका, पेन घेऊन जा, तेही धुऊन. दुकानदार "युनिव्हर्सल आहे" म्हणाला तर त्याच्यासमोरच टॉर्च लावून चोचीवर चढवून बघा, तोंड आणि चोच यांच्यात फट दिसता कामा नये, आणि मागची नळी पूर्ण लागली पाहिजे. ऑनलाइन मागवायचं असेल तर पेनाचं मॉडेल आणि मिमीचं माप दोन्ही जुळल्याशिवाय पाच-पाचचं पाकीट घेऊ नका, आधी एकच घ्या. पेनासोबत कार्ट्रिज आला असेल तर तो रिकामा झाल्यावरही जपून ठेवा. जो कार्ट्रिज घट्ट बसत होता त्याच्या तोंडाशी नव्या कन्व्हर्टरचं तोंड भिडवून बघितलं की मापातला फरक डोळ्यांना लगेच कळतो. आम्ही नवी पेठेत तसंच केलं, तिसरा कन्व्हर्टर जुळला, आणि भाचीने तिथेच काउंटरवर टिश्यू मागून घेतला.